प्रीमियर पद्मिनी आज घ्यावी का? वापरून सांगतोय

सरळ मुद्द्यावर येतो. पद्मिनी घ्यायची असेल तर इंजिन नंतर बघा, आधी पत्रा बघा. लोक नेमकं उलटं करतात, बॉनेट उघडतात, सेल्फ मारतात, गाडी एका झटक्यात चालू झाली की खूश, क्रोमचा बंपर चकाचक दिसतोय म्हटल्यावर लगेच टोकन देऊन मोकळे. अरे त्या इंजिनाचं काय घेऊन बसलात, १०८९ सीसीचं चार सिलेंडरचं साधंसुधं इंजिन आहे ते, बोअरिंग करा, पिस्टन रिंगा बदला, हेडचं काम करा, परत उभं राहतं. पण या गाडीला ट्रकसारखी किंवा जुन्या जीपसारखी वेगळी चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, नाहीये, बॉडी हीच चासी. त्यामुळे फ्लोअर सडला किंवा दाराखालची पत्र्याची पेटी सडली की नुसती शोभा जात नाही, गाडीचा कणा जातो. रबरी मॅट उचलायची, खाली बघायचं, जॅक जिथे लावतात तिथे स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकायचं. टणटण वाजलं तर ठीक, भदभद आवाज आला तर आत पुट्टी आणि नशीब. डिकीतलं सामान काढून कोपरे बघायचे, पावसाचं पाणी तिथे साचतं. पुढच्या मडगार्डच्या आत हात घालून चाचपायचं, हात काळा झाला तरी चालेल. मी ज्यांच्याकडे गाडीचं काम करून घेतो ते मेकॅनिक काका म्हणाले होते, "इंजिन मी तुला कुठलंही चालू करून देईन रे, पत्रा कुठून आणू?" तेव्हापासून कोणीही मला गाडी बघायला बोलावलं की मी आधी गुडघ्यावर बसतो, बॉनेट शेवटी.

माझी गाडी ऐंशीच्या दशकातली, पेट्रोल, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, पांढरा रंग. पार्ल्यातल्या एका आजोबांकडून घेतली. त्यांनी कव्हर घालून सोसायटीत उभी ठेवली होती आणि दर रविवारी चालू करून फक्त कॉलनीत एक चक्कर मारायचे. गाडी रोजच्या वापरातली नाही, आठवड्यातून एकदोनदा काढतो, कधी लोणावळा, कधी अलिबाग. रोज ऑफिसला न्यायला माझ्याकडे दुसरी गाडी आहे, हे आधीच सांगितलेलं बरं, कारण एकुलती एक गाडी म्हणून पद्मिनी घेणाऱ्याला मी हात जोडून नाही म्हणेन.

आता थोडा इतिहास, कारण तो माहीत नसेल तर ही गाडी अशी का आहे ते कळत नाही. सोलापूरचे वालचंद हिराचंद, जहाजाच्या, विमानाच्या, साखरेच्या धंद्यात उतरलेला माणूस, त्यांनी १९४४ ला प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. सुरवातीला अमेरिकन क्रायस्लरच्या गाड्या आणि ट्रक जोडायचे, मग फियाटशी करार झाला आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट बाहेर पडायला लागली. १९५३ साली युरोपात आलेली फियाट ११०० लगेच पुढच्या वर्षी इथे आली. ती गोल नाकाची, तिला आपल्याकडे डुक्कर फियाट म्हणायचे, अजूनही जुनी माणसं म्हणतात. मग सिलेक्ट, सुपर सिलेक्ट अशी नावं घेत घेत १९६४ च्या सुमाराला ११००-डी आली आणि तीच आपली आजची ओळखीची चौकोनी, छोट्या शेपट्यांची बॉडी. त्याच वर्षाची एक फियाट लालबहादूर शास्त्रींनी घेतली होती, पंतप्रधान असताना, पंजाब नॅशनल बँकेचं ५,००० रुपयांचं कर्ज काढून, आणि ते गेल्यावर ते कर्ज त्यांच्या पत्नीने फेडलं. आजकालच्या नगरसेवकाचा ताफा बघितला की ही गोष्ट खोटी वाटते, पण खरी आहे.

सत्तरच्या दशकाच्या सुरवातीला फियाटचा बिल्ला गेला, गाडी आधी प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून चितोडच्या राणीच्या नावावरून प्रीमियर पद्मिनी. लोकांनी मात्र नाव बदलून घेतलंच नाही, घरोघरी ती फियाटच राहिली, माझी आई आजही "तुझी फियाट काढ ना" असंच म्हणते. आणि आता ऐका गंमत. इटलीत ही ११०० ची गोष्ट १९६९ ला संपली, फियाटने पुढच्या चाकांना ओढणारी १२८ आणली आणि पुढे निघून गेली. आपण तीच गाडी २००० सालापर्यंत बनवत बसलो. बाहेर माणूस चंद्रावर गेला, कम्प्युटर आले, मोबाईल आले आणि कुर्ल्यात तोच पत्रा त्याच डायवर ठोकला जात होता.

याला कारण कंपनीचा आळस एवढंच नव्हतं. लायसन्स परवाना राज होतं, किती गाड्या बनवायच्या ते सरकार ठरवणार, परदेशी मशिनरी आणायला परकीय चलन नाही, गाडीची किंमतसुद्धा सरकारच्या हातात, तो किमतीचा वाद तर सुप्रीम कोर्टात गेला होता. गिऱ्हाईक मात्र अमाप. पैसे भरून नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची, नंबर लागला की लोक पेढे वाटायचे आणि काही हुशार लोक ती गाडी गेटवरच प्रीमियम घेऊन विकायचे. पर्याय काय तर अँबेसिडर, नाहीतर मद्रासची स्टँडर्ड. जिथे गाडी बनायच्या आधीच विकली गेलेली असते तिथे ती सुधारायची कुणाला घाई? १४ डिसेंबर १९८३ ला पहिल्या मारुतीची चावी दिली गेली आणि तेव्हापासून फियाटचे दिवस भरत आले. प्रीमियरने मग फियाट १२४ ची बॉडी आणि निसानचं इंजिन घेऊन ११८ एनई आणली, पद्मिनीला नव्वदच्या दशकात १३६६ सीसीचं डिझेल इंजिन बसवलं, शेवटी शेवटी फ्लोअर गिअर आणि बकेट सीटवाली पण काढली. वरून कामगार नेते दत्ता सामंतांच्या युनियनशी भांडणं, पूजो, फियाट यांच्याबरोबरच्या भागीदाऱ्या. तो सगळा वेगळा विषय आहे, त्यात शिरत नाही.

मला सांगायचंय ते हे, की तीसपस्तीस वर्षं गाडी बदलली नाही ही तेव्हाच्या गिऱ्हाइकाला शिक्षा होती, पण आजच्या मालकाला तीच सोय झालीय. माझ्या गाडीचा वॉटर पंप गेला तेव्हा नव्वदमधल्या टॅक्सीतला काढून बसवला, चार बोल्ट, बसला. अमुक मॉडेलचं तमुक व्हेरियंट, चासी नंबर सांगा, मागवावं लागेल, हे प्रकरणच नाही. आजच्या दहा वर्षं जुन्या गाडीचा एक सेन्सर किंवा ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कम्प्युटर, गेला तर डोक्याला जो ताप होतो तो इथे नाही, कारण ईसीएमच नाही. प्लगना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं टोपण उघडा, पॉइंट बघा, काळे पडले असतील तर पॉलिश पेपर मारा, फिलर गेजने गॅप लावा, टोपण बंद. मला गाड्यांमधलं काही कळत नव्हतं, आता पॉइंट, प्लग, कंडेन्सर, फॅन बेल्ट मी स्वतः बदलतो आणि मला नाही वाटत हे कुठल्या नव्या गाडीने मला शिकवलं असतं.

चालवायला कशी आहे? सकाळी थंड असताना चोक ओढायचा, ॲक्सिलरेटर दोनदा दाबून सोडायचा, मग सेल्फ. दोनतीन घुर्रर्र झाले की पकडते. लगेच निघायचं नाही, दोन मिनिटं तशीच ठेवायची, आवाज सुरळीत झाला की चोक हळूहळू आत. पेट्रोलचा हलका वास येतो, नव्या गाडीवाल्यांना वाटतं लिकेज आहे, पण कार्बोरेटरवाल्या (हवा आणि पेट्रोल मिसळणारा जुना भाग) गाडीत चोकवर असताना तेवढा यायचाच. मात्र गरम झाल्यावरही येत राहिला तर खरंच लिकेज आहे, तेव्हा हसण्यावारी नेऊ नका. गिअरची दांडी स्टिअरिंगच्या डाव्या हाताला, पहिला दुसरा एका पट्ट्यात, तिसरा चौथा दुसऱ्या पट्ट्यात, आणि पहिला गिअर गाडी पूर्ण थांबल्याशिवाय टाकायचा नाही, नाहीतर अशी करकरते की फुटपाथवरचे लोक वळून बघतात. लिंकेजचे बुश झिजले की दांडी अधांतरी फिरते, न्यूट्रल कुठे आणि तिसरा कुठे काही कळत नाही, ते बुश दोनचारशेचं काम असतं पण लोक वर्षानुवर्षं तसंच चालवतात आणि मग म्हणतात हँड गिअर भंकस. नीट सेट केलेला गिअर दोन बोटांनी पडतो, खरंच.

गिअर वर असल्याने आणि पुढची सीट बाकासारखी सलग असल्याने पुढे तीन माणसं बसतात, आरटीओला काय वाटतं ते सोडा. मागेही तीन, आरामात, कारण छत उंच आहे आणि सीट सोफ्याच्या उंचीची आहे. माझ्या सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना आमच्या दुसऱ्या गाडीपेक्षा हिच्यात चढाउतरायला सोपं जातं, हे कुठल्या ब्रोशरमध्ये लिहीत नाहीत. दार लावल्यावर ठप्प असा भरीव आवाज. पुढच्या दाराची ती तिकोनी काच फिरवली की वारा थेट तोंडावर, ही इतकी अक्कलवान गोष्ट गाड्यांमधून का गेली मला कळत नाही. एसी नाही. मे महिन्यात दुपारी बारा ते चार गाडी काढूच नये, विषय संपला.

ताकदीचं म्हणाल तर चाळीसेक बीएचपी, साठसत्तरच्या स्पीडला गाडी खूश असते, ऐंशीला बोलायला लागते, त्याच्यापुढे तुम्ही बोलणं बंद करता कारण ऐकू येत नाही. जुन्या हायवेवर मजा, एक्स्प्रेस वेवर नाही, मागून येणाऱ्याला आपण इतके हळू आहोत हे कळेपर्यंत तो डिकीपर्यंत आलेला असतो. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, म्हणजे अंतर ठेवूनच चालवायचं, आणि पावसात साचलेल्या पाण्यातून गेलात की ब्रेक ओले होतात, एकदम लावले की गाडी एका बाजूला ओढते. पाण्यातून बाहेर आल्यावर थोडं अंतर हलका पाय ठेवून ब्रेक सुकवायचे, हे जुन्या ड्रायव्हर लोकांना आपोआप येतं, आपल्याला शिकावं लागतं. एअरबॅग, एबीएस वगैरे सोडाच, पट्टे पण मी नंतर बसवून घेतले, आणि तरीही सांगतो, अपघातात ही गाडी तुम्हाला वाचवेल या भ्रमात राहू नका. "जुना पत्रा किती जाड होता" म्हणणारे काका लोक असतात, त्यांना सांगा की पत्रा जाड असून उपयोग नाही, तो चेपून धक्का खाणारा पाहिजे, नाहीतर तो धक्का थेट आपल्या छातीला. स्टिअरिंगचा दांडा पण सरळ आपल्याकडे रोखलेला. लहान मुलांना घेऊन मी हिच्यातून लांब जात नाही.

उन्हाळ्यात घाटात एक नाटक ठरलेलं. गाडी चढावर ट्रॅफिकमध्ये रांगत असली की इंजिनाची उष्णता लागून टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपातच पेट्रोलची वाफ होते, पंप नुसती वाफ ढकलत बसतो आणि गाडी आचके देऊन बंद. नवशिके सेल्फ मारून मारून बॅटरी उतरवतात. काही करायचं नाही, बाजूला घ्यायची, बॉनेट उघडायचं, पंपावर ओला फडका टाकायचा आणि चहा शोधायचा. चहा संपेपर्यंत चालू. खंडाळ्याच्या चढावर जुन्या काळी फियाटांची रांग अशी फडकी टाकून उभी असायची म्हणतात. माझ्या डिकीत पाण्याची बाटली, फडका, एक फॅन बेल्ट, पॉइंट-कंडेन्सरचा सेट आणि पाना-पकड कायम असते. गाडी बंद पडते का? पडते. पण कशामुळे पडली ते कळतं.

पेट्रोलबद्दल एक गोष्ट महत्त्वाची. आता सगळीकडे वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल आहे, ही गाडी बनली तेव्हा इथेनॉलचा विचारच नव्हता. जुने रबरी पाइप, पंपाचा पडदा, कार्बोरेटरमधली पॅकिंग याने फुगतात, चिरतात, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं त्यामुळे पत्र्याची टाकी आतून गंजते. गाडी घेतल्या घेतल्या सगळे पेट्रोलचे पाइप नव्या प्रतीचे टाकून घ्या, आणि महिनोनमहिने टाकी भरून गाडी उभी ठेवू नका, थोडं पेट्रोल ठेवा आणि चालवत राहा. ॲव्हरेज विचारू नका म्हणणार होतो, पण शहरात दहा-बारा धरून चाला.

पार्ट्स. मुंबईत ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या गल्ल्या, कुर्ल्याचं सीएसटी रोडचं भंगार, पुण्यात नाना पेठ. या ठिकाणी अजून बरंच मिळतं, पण पूर्वीसारखं नाही आणि याचं कारण समजून घ्या. खासगी फियाटवाल्यांच्या जिवावर हे दुकानदार कधीच चालले नाहीत, ते चालले काळी-पिवळी टॅक्सीवर. मुंबईने टॅक्सी म्हणून अँबेसिडर न घेता फियाट घेतली कारण अंगाने लहान, गल्लीबोळात वळते, वर कॅरिअर टाकला की गावाला जाणाऱ्याचं अख्खं बिऱ्हाड मावतं. हजारो टॅक्स्या रोज दिवसरात्र पळणार म्हणजे क्लच प्लेट, ब्रेक लायनर, किंगपिन, पाटे यांना रोजचं गिऱ्हाईक, त्या लाटेवर आपल्यासारखे हौशी फुकट तरंगत होते. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली, टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी गेली. पेपरात तेव्हा भावुक लेख आले, फोटो आले. मी मात्र त्या आठवड्यात जाऊन क्लच प्लेट, व्हील सिलेंडरचे किट आणि दोन वॉटर पंप घेऊन आलो, आणि दुकानात माझ्यासारखे अजून तिघे उभे होते. मेकॅनिकल सामान अजून काही वर्षं पुरेल असं मला वाटतं, खरी बोंब आहे ती काचा, रबर बिडिंग, क्रोमच्या पट्ट्या, टेललाइटच्या ओरिजिनल काचा यांची. टॅक्सीवाल्याला क्रोमची पट्टी कधी लागलीच नाही ना, त्यामुळे तो माल कोणी साठवलाच नाही. आता एकेका हबकॅपसाठी लोक सोन्याचा भाव सांगतात.

मेकॅनिक हा त्याहून मोठा प्रश्न. ज्यांना कार्बोरेटर कानाने ट्यून करता येतो ती माणसं साठीच्या पुढे गेलीत. मी एकदा मोठ्या चकाचक गॅरेजला गाडी दिली होती, नाव घेत नाही, तिथल्या पोराने मला विचारलं स्कॅनर कुठे लावायचा. मग ट्यूनिंग म्हणून जे केलं त्याने गाडी धूर सोडत घरी आली. गाडी घ्यायच्या आधी आपल्या भागात असा जुना मेकॅनिक आहे का हे शोधा, नसेल तर विचार सोडा. असेल तर त्यांच्याकडे गाडी टाकून निघून जाऊ नका, स्टूल घेऊन बाजूला बसा, पाना द्या, प्रश्न विचारा. काका लोक आधी वैतागतात, मग खुलतात.

कागदपत्रांचं पटकन सांगतो. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पासिंग, ग्रीन टॅक्स, पासिंगची फी आता पूर्वीपेक्षा फार वाढलीय, नवी सुरक्षा नंबर प्लेट. पाहताना आरसीवरचा इंजिन आणि चासी नंबर स्वतः जुळवून बघा, कितीतरी गाड्यांमध्ये इंजिन कधीतरी बदललेलं असतं आणि कागदावर नोंदच नसते, ते पुढे पासिंगला अडकतं. मूळ मालक हयात नसेल तर वारसांच्या सह्यांसाठी वणवण होते, अशी गाडी कितीही स्वस्त असो, सह्या झाल्याशिवाय पैसे देऊ नका. पन्नास वर्षांवरच्या गाडीला २०२१ च्या नियमांनी व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येते, म्हणजे सुरवातीच्या पद्मिनी आता त्यात बसतात, पण त्या नोंदणीवर गाडी नेहमीच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढंच. मला चालवायचीय, मिरवायची नाही, त्यामुळे मी त्या वाटेला जाणार नाही.

कुठली घ्यावी? पेट्रोल घ्या, डिझेलच्या नादी लागू नका, त्याचं सामान पेट्रोलच्या मानाने फार दुर्मीळ. हँड गिअरवाली घ्या, फ्लोअर गिअरवाली असेल तर मग ही गाडी घेण्यात अर्धी मजा काय राहिली. टॅक्सीची खासगी केलेली गाडी ओळखायला छताचं अस्तर थोडं उचलून बघा, खाली पिवळा रंग दिसला किंवा कॅरिअरच्या जागी बुजवलेली भोकं दिसली तर किंमत पाडून मागा, तशी गाडी वाईटच असते असं नाही पण तिने जन्मभर दोन पाळ्या केलेल्या असतात. रंग जुना, फिका पण मूळचा असेल तर ती गाडी ताज्या चकचकीत रंगाच्या गाडीपेक्षा मला कधीही जास्त आवडेल, ताज्या रंगाखाली काय आहे ते विकणाऱ्यालाच माहीत. आणि घासाघीस करताना इंजिनाचा आवाज, सीटची फाटकी रेक्झिन, बंद घड्याळ असल्या गोष्टींवरून पाच-दहा हजार कमी करून घेण्यात वेळ घालवू नका, फ्लोअर धड असेल तर मागेल ती रक्कम द्या.